हात थांबण्यापुरती

कारेवाडी, ता. पाथर्डी
शुक्रवार, २१ मार्च २०२५

चि. सौ. पूजा हिस तात्याचा आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. गिरणीवर दळण घेऊन येणारी पोरं म्हणतात, "तात्या, वहिनीनं तुमाला ब्लॉक केलंय." मी म्हटलं, गप बसा, तिच्या माहेरी कोपरगावला रेंज नसेल. आपल्या कारेवाडीला रेंज आहे आणि कोपरगावला नाही, यावर पोरं हसली. हसू देत. पोस्टात पाकीट मागायला गेलो तर तिथला बाबा विचारतो, "तात्या, कोर्टाचं काय हाय का?" माणसाने सुनेला साधं पत्र लिहायची सोय राहिलेली नाही.

तुझ्या भावाने मागे फोनवर मला जे ऐकवलं ते मी विसरलेलो नाही. पण तो बहिणीचा भाऊ आहे. त्याने बोलायचं आणि मी ऐकायचं अशीच वेळ आमच्या घराने आणली. ज्ञानूच्या बाबतीत जे झालं त्यावर मी पांघरूण घालणार नाही. बाजाराच्या दिवशी सुनीलने स्वतःच्या आठ वर्षांच्या पोरीला दारूच्या दुकानाच्या पत्र्याखाली बसवायचं, आत जायचं, आणि पोर बरोबर आणली होती हेच विसरून दोस्तांच्या जीपमध्ये बसून गावी यायचं! खाजाभाईने बांगड्यांचं दुकान आवरताना तिला ओळखलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार मला अजून पुरता करवत नाही. त्या संध्याकाळी तू तिला घेऊन निघालीस तेव्हा मी दारात आडवा झालो नाही. तुझी सासू त्यावरून अजून मला बोलते.

पण आता कान देऊन ऐक. सुनीलने दारू सोडली.

रंगपंचमीला गडावरच्या यात्रेत त्याने नाथांच्या समाधीपुढे, धुनीतलं भस्म जिभेवर ठेवून शपथ घेतली. पुढच्या यात्रेपर्यंत थेंब शिवणार नाही म्हणाला. त्या भस्माला भलेभले कसे टरकतात ते तुला ठाऊकच आहे. आदल्या दिवशीपर्यंत प्यायला होता, लपवत नाही. पण शपथ घेतल्यापासून एकदम बंद. गावात तर दिवाळीच. चौकात फ्लेक्स लागलाय, सुनीलचा लग्नातला फोटो टाकून. "व्यसनमुक्तीचा निर्धार केल्याबद्दल सुनीलभाऊंचे हार्दिक अभिनंदन." खाली शुभेच्छुकांची रांग, सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल. त्यातले निम्मे त्याच्याच बरोबर बसणारे. सरपंच म्हणून बजरंगने त्याला सगळ्यांसमोर शाल घातली, नारळ दिला. तुझ्या सासूने पदराला डोळे पुसले आणि मीही इकडे-तिकडे बघितलं.

तुला राग आला तरी सांगतो, त्याला बिघडवलं या गावाने. कुणाची विहिरीतली मोटर जळाली की बोलवा सुनीलला. जळकी तार काढून नवी भरली, रिवाइंडिंग करून दिलं, की मजुरी थोडी आणि वर एक क्वार्टर, मानाची. एक मोटर, एक क्वार्टर. आणि आपल्या भागात उन्हाळ्यात मोटरी जळतात किती! पोरगा हातचा कारागीर म्हणून नावाजला आणि त्याच हाताने खाली गेला.

आता घरात थेंब नाही. मी स्वतः डबे, कणगी सगळं तपासलं. सध्या त्याला जरा अशक्तपणा आहे. जेवण जात नाही. भर दुपारी थंडी वाजते म्हणून गोधडी घेऊन बसतो, हात थरथरतात. भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणून सारखा झटकत असतो. असतील, उन्हाळ्यात मुंग्या निघतातच. तुझी सासू म्हणते फ्लेक्सवरच्या फोटोला दृष्ट लागली. दोन दिवसांत ठीक होईल.

पाडव्याला ये. ज्ञानूला घेऊन ये. गुढी तुझ्या हातून उभी राहू दे.

तुझा,
तात्या


कारेवाडी
गुरुवार, २७ मार्च

चि. सौ. पूजास आशीर्वाद.

पत्र पोचलं असेलच. पाडव्याची घाई करू नकोस. इथे ऊन फार आहे आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. ज्ञानूला त्रास होईल. थोडं सावरलं की मीच कळवतो.

खाजाभाईचा तुला फोन आला असेल तर त्याने तिखटमीठ लावून सांगितलं असणार. माणूस देवमाणूस, पण एक शब्द सांगायचा तिथे चार सांगतो. सुनीलला नगरला दवाखान्यात दाखवलं होतं, एवढंच. चक्कर आली होती. सलाईन लावलं, गोळ्या दिल्या. आता घरी आहे. तुझ्या सासूने नाचणीचं आंबील करून दिलं ते पूर्ण प्यायला.

दारू पिऊन काही झालेलं नाही, हे मात्र लक्षात ठेव. शपथ घेतल्यापासून त्याने बाटलीला हात लावलेला नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

त्याने तुझं नाव काढलं होतं. काय म्हणाला ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. फिरून फिरून तेच म्हणत होता.

गिरणीचा पट्टा तुटलाय. तो बघायचा आहे. बाकी ठीक.

तात्या


कारेवाडी
शनिवार, १२ एप्रिल

चि. सौ. पूजास,

काल खाजाभाई गिरणीवर आला आणि तुझा निरोप सांगितला. गिरणी चालू होती म्हणून त्याला ओरडून सांगावं लागलं, म्हणजे दळणाला आलेल्या सगळ्या बायांनी ऐकलं. बरं झालं. एरवी त्यांना माझ्या घरातलं ऐकायला भिंतीला कान लावावे लागतात.

तुझा निरोप असा होता: "तात्यांनी स्वतःच्या हातानं लिहून द्यावं, की हा पीत नाही आणि ज्ञानूला याच्याजवळ एकटं सोडायला हरकत नाही. तात्यांनी लिहिलं की मी अक्षय्य तृतीयेला येते. बाकी कुणाचं काही ऐकणार नाही. त्यांच्या शब्दावर येते."

पोरी, हे ऐकून माझी छाती दोन इंच फुगली आणि मग मी पोत्यावर बसलो. कारण मागच्या पत्रात मी तुला छातीवर हात ठेवून जे सांगितलं, तसं झालेलं नव्हतं. आता सगळं सांगतो. शेवटपर्यंत वाच.

पहिलं पत्र पोस्टात टाकून आलो त्याच दिवशी सुनील बिघडला. अंगाला घामाच्या धारा, कपडे पिळावेत असे. डोळे एका जागी ठरेनात. मेलेल्या आज्याशी बोलायला लागला. कोपऱ्यात बघून म्हणायचा, "बाबा, मोटर वर घ्या, दोर सुटतोय." तुझ्या सासूने तर ठरवूनच टाकलं, की नाथांचं वारं आलंय, शपथ घेताना मनात खोट होती म्हणून देव परीक्षा बघतोय. शेजारच्या आक्काबाईने लिंबू उतरवून टाकलं. मीही तेच मानलं. मला शहाणा समजू नकोस. दारू पिऊन माणसं मरताना मी बघितली होती, पण दारू सोडून कुणी मरायला टेकतं हे माझ्या बापजन्मी ऐकलं नव्हतं. आम्हा सगळ्यांना वाटायचं, दारू म्हणजे वाईट सोबत. सोडली की सुटली.

मध्येच जरा शुद्धीवर आला की माझे पाय धरायचा. "तात्या, थोडीशी द्या. हात थांबण्यापुरती. मरतो हो मी." मी म्हणायचो, शपथ आहे. तो म्हणायचा, "हाय ना शपत. म्हनून तुमाला मागतोय, दुकानात गेलो न्हाई." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आता ऐक. घरात थेंब नाही असं मी लिहिलं होतं. एक क्वार्टर होती. तू गेल्यावर तो बाहेर जाऊन पिऊन कुठेतरी पडू नये म्हणून मीच त्याला घरी आणून देत होतो. हो, मी. गावाला नावं ठेवणारा मी. रोज संध्याकाळी धोतराच्या सोग्यात लपवून आणायचो, जसं काही गावाला दिसतच नव्हतं. त्यातली शेवटची बाजरीच्या कणगीत राहिली होती. शपथेनंतर ती ओतून का दिली नाही, हे मला विचारू नकोस. मी स्वतःलाही विचारलेलं नाही.

तर ती मी काढली. टोपणात ओतली आणि त्याच्या तोंडाला लावली. एक टोपण, मग दुसरं. त्याचे दात टोपणावर वाजत होते. जरा निवल्यासारखा वाटला आणि मला वाटलं जिंकलो. तासाभरात पुन्हा पहिल्यासारखा.

मग खाजाभाईच्या फैयाजची जीप बोलावली. सुनीलला दोराने बांधून मागे निजवला, तुझ्या सासूने डोकं मांडीवर घेतलं आणि गडावर न्यायचं ठरलं. गडाचा फाटा यायच्या आधीच त्याला झटका आला. हातपाय ताठ, तोंडाला फेस. तुझी सासू ओरडते, "गडावर घे! गडावर घे!" फैयाजने कुणाला विचारलं नाही. गाडी सरळ नगरच्या रस्त्याला घातली. मी त्याला शिव्या देत होतो आणि तो म्हणत होता, "तात्या, देव काय पळून जात न्हाई." आज सुनील जिवंत आहे तो त्या पोरामुळे.

डॉक्टर पोरसवदा होता, पण तोंडाने फटकळ. म्हणाला, "रोजची इतकी सवय असताना एका दिवसात तोडली? कुणी सांगितलं?" मी काय सांगणार? नाथांनी सांगितलं म्हणू? म्हणाला, अशा माणसाची दारू आधी दवाखान्यात आणून, औषध देऊन उतरवायची असते. घरी एकदम बंद केली की मेंदू भडकतो आणि माणूस जातो. मी त्याला टोपणाचं सांगितलं. विचारलं, माझ्यामुळे झटका आला का? तो म्हणाला, "त्यानं मेलाही नसता आणि वाचलाही नसता. चमच्यानं आग विझत न्हाई, काका." तो आपल्याच भागातला निघाला, चिडला की गावाकडचं बोलायचा.

म्हणजे आम्ही शाल-नारळ देऊन, फ्लेक्स लावून, पोराला मारायलाच निघालो होतो. आणि एकही माणूस वाईट हेतूने वागला नव्हता.

डॉक्टरने व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायला सांगितलं. तिथे खाट रिकामी नव्हती, नाव लावून आलोय. बोलावणं येईल. तोवर गोळ्या चालू आहेत. तेव्हापासून सुनील प्यायलेला नाही, हे मात्र खरं. गिरणीवर माझ्याशेजारी बसतो. तार घ्यायला जातो पण हात थरथरतात, बारीक तारेचे वेढे सुटतात. परवा चिडून अख्खं बंडल फेकून दिलं आणि मग स्वतःच उचलून, गुंता सोडवत बसला.

एकच गोष्ट माझ्या काळजाला लागून आहे. घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी तो मला शांतपणे म्हणाला, "तात्या, शपत मी मोडली न्हाई. तुमी मोडली." आपल्याकडची समजूत तुला माहीत आहे. शपथ ज्याने मोडवली, दोष त्याचा. ज्याची होती तो सुटला. मी म्हटलं, बाबा, दोष माझा, पण तू धरून राहा. तो म्हणाला, "धरायला काय ऱ्हायलंय?" त्यात राग नव्हता. हिशेब मिटल्यासारखा बोलला.

तुझी सासू रोज वही आणि पेन माझ्यासमोर ठेवते. म्हणते, "ल्हिवा की. पीत न्हाई म्हनून ल्हिवा. खोटं कुटं हाय त्यात?" खोटं नाही. पण तू विचारलंस ते दोन भागांत आहे. पीत नाही, हे मी आज लिहू शकतो. ज्ञानूला त्याच्याजवळ एकटं सोडावं का, हे लिहायला पेन टेकवलं की मला तो दुकानाचा पत्रा दिसतो. म्हणून आज लिहीत नाही. मला थोडे दिवस दे. मला लिहायचं आहे, पूजा. माझ्याइतकं कुणालाच लिहायचं नसेल.

तात्या


कारेवाडी
शनिवार, २६ एप्रिल

चि. सौ. पूजास,

खाजाभाई उद्या त्याच्या लेकीकडे, फलककडे, कोपरगावला निघालाय. हे पाकीट त्याच्या हाती देतोय. पोस्टावर विश्वास आहे, पण हे अक्षय्य तृतीयेच्या आधी तुझ्या हातात पडलंच पाहिजे. तू बॅग भरायच्या आधी.

मागच्या शनिवारी मी तुला पत्र लिहायला बसलो होतो. चांगलं पत्र. पहिली ओळ झालीसुद्धा होती, "सुनील पीत नाही." त्या दिवशी त्याने एका शेतकऱ्याची लहान मोटर भरून दिली होती, हळूहळू, दिवसभर बसून, आणि बदल्यात क्वार्टर देऊ केली ती परत केली होती. संध्याकाळी केंद्रातून फोन आला, खाट रिकामी झाली आहे, सोमवारी घेऊन या. तुझ्या सासूने देवापुढे साखर ठेवली. मला वाटलं, आता पत्र पुरं करूनच टाकावं. मग म्हटलं, सोमवारी त्याला पोचवून येतो आणि मग लिहितो. माझं नशीब म्हण की तुझं, तेवढं थांबलो.

रविवारी गावाच्या बोअरची मोटर जळाली.

पाणी किती दिवसांनी येतं ते मागे लिहिलंच होतं. आता तेही बंद. टँकर मागितला तर आज सांगतो, उद्या सांगतो. बाया रिकामे हंडे घेऊन ग्रामपंचायतीपुढे. नगरहून माणूस येतो म्हणाले, तो आला नाही. मग सगळ्यांची तोंडं आपल्या दाराकडे वळली. बजरंग पुढे. म्हणाला, "तात्या, सुनीलला पाठवा. त्याच्याबिगर हे कुनाला जमायचं न्हाई." मी म्हटलं, उद्या त्याला केंद्रात न्यायचाय. बजरंग म्हणाला, "न्या की. आज भरून दिली की उद्या न्या." मी नाही म्हटलं. दार लावून घेतलं. बाहेर आक्काबाई म्हणाली, "तात्या, नातवाला दूध पाजायला बाटली उकळायची, तेवढं बी पानी न्हाई वो घरात." आता सांग, दार किती वेळ लावून ठेवायचं?

सुनील स्वतःच उठला. म्हणाला, "जातो मी. एवढं करतो आन् उद्या सकाळी गाडीत बसतो. खरंच तात्या." मी बरोबर गेलो. दुपारपर्यंत मी त्याच्या शेजारून हललो नाही. मोटर मोठी. जुनी तार काढली, साफ केलं, तिथवर ठीक. नवी भरायला घेतली आणि हात सुरू झाले. वेढा घालायचा, सुटायचा. घालायचा, सुटायचा. भोवती अर्धं गाव उभं. त्याचं कपाळ घामाने भिजलेलं. एकदा माझ्याकडे बघितलं त्याने. मी मान फिरवली, कारण ते बघणं मला ओळखीचं होतं.

मला लघवीला जावं लागलं, पोरी. म्हातारा माणूस, साखरेचा आजार. तेवढाच वेळ मी नव्हतो. परत आलो तेव्हा बजरंग त्याच्याजवळ उकिडवा बसला होता आणि स्टीलचा पेला सुनीलच्या हातात होता. मी पेला उडवला, पण रिकामाच होता. मी बजरंगची गचांडी धरली. तो मला म्हणतो कसा, "तात्या, हात थांबन्यापुरती दिलीय. गावाचं पानी हाय." आणि खरंच हात थांबले, पूजा! सरळ, एकाला एक चिकटून, पूर्वीसारखे वेढे पडायला लागले. बघत राहावं असं काम. मी उभा राहून बघत राहिलो. दुसरं काय करणार होतो? ओढून नेला असता तर गावाने मला जोड्याने मारलं असतं, आणि त्यांचंही काय चुकलं असतं?

दिवस मावळताना मोटर खाली सोडली. पाणी आलं. पोरं नाचली. बायांनी सुनीलला ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं. आमच्या घरीही दोन हंडे आले. मी त्यातलं प्यायलो. तहान लागली होती.

त्या संध्याकाळी तो घरी आला नाही, रात्री उशिरा दोघांनी दारात आणून टाकला. शपथेची भीती गेली होती, ती माझ्या हातूनच गेली होती. सोमवारी गाडी दारात आली तेव्हा त्याला उठवता आलं नाही. केंद्राला फोन केला. ते म्हणाले, माणूस स्वतःच्या पायाने यायला हवा, आणि खाट आम्ही अडवून ठेवू शकत नाही. बरोबर आहे त्यांचं. या सगळ्यात मला कुणाला तरी एकाला शिवी द्यायची आहे आणि तो एक माणूस मला सापडत नाही.

आता रोज पितो. पूर्वीइतकीच. चौकातला फ्लेक्स फाटलाय, तरी कुणी उतरवला नाही. मी गिरणी बंद करून त्याच्या मागे हिंडून पाहिलं. बजरंगच्या दारात जाऊन बसलो. दुकानदाराच्या पाया पडलो. तो म्हणाला, "मी न्हाई दिली तर पुढचा देतो, तात्या." तेही खरंच. आपलेच दात, आपलेच ओठ, आणि गाव तर सगळंच आपलं.

परवा सकाळी तो प्यायलेला नसताना माझ्याजवळ आला. म्हणाला, "तात्या, ल्हिवा ना तिला. पीत न्हाई म्हनून ल्हिवा. ती आली की मी सोडतो. ज्ञानूच्या शपतंवर सोडतो." सासू तुझी मागे उभी होती. तीही म्हणाली, "एवढं ल्हिवा. बायकू-पोर समोर असली की मानूस सुधारतंय." दोघांचे चेहरे असे होते, की मी पेन उचललं. एक मिनिट मला वाटलं, कुणी सांगावं, खरंच सुधारेलही. मग सुनील म्हणाला, "तुमचं ती ऐकती." हो. माझं तू ऐकतेस. म्हणूनच लिहिता आलं नाही. पेन ठेवलं, तर माझा मुलगा माझ्यासमोर लहान पोरासारखा रडला. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तेवढंच माझ्या हातात होतं.

तू माझा शब्द मागितलास. हा घे. येऊ नकोस. अक्षय्य तृतीयेला नको, आणि मी सांगेपर्यंत कधीच नको. मी खोटं सांगायला लागलो तरी नको. म्हातारपणी माणूस नातीसाठी कसाही घसरतो.

सोबत ज्ञानूचा शाळा सोडल्याचा दाखला आहे. तिकडच्या शाळेत नाव पक्कं करायला लागेल. अर्जावर बापाची सही हवी होती. मी काल सकाळी सुनीलपुढे कागद ठेवला, काय आहे ते सांगितलं. त्याने वाचला. सही करायला घेतली तर पेन कागदावर टिकेना, नुसत्या रेघोट्या उठल्या. तो कागद घेऊन शाळेत गेलो, तर हेडमास्तर म्हणाले, "तात्या, प्रवेशाच्या वेळची सही बघा आणि ही बघा. ही चालायची न्हाई. नीट करून आना." दुसरा अर्ज घेऊन परत आलो. दुपारपर्यंत थांबलो असतो तर तो बाहेर गेला असता, मग कधी आला असता देव जाणे, आणि खाजाभाई तर निघणार.

मी त्याच्या उशाखालची बाटली घेतली आणि वाटीत ओतली. मीच. त्याने माझ्याकडे बघितलं आणि घेतली. आम्ही दोघं गिरणीच्या पायरीवर बसलो, हात थांबेपर्यंत. मग त्याने सही केली. सुरेख आली, लग्नाच्या वेळी केली होती तशी. पेन मला परत देताना म्हणाला, "कोपरगावला गोदावरीचं पानी हाय, न्हाई का तात्या? तिकडं टँकरची भानगड न्हाई." मी म्हटलं, हो, तिकडे पाणी चांगलं आहे.

दाखला जपून ठेव. ज्ञानूला माझा आणि आजीचा गोड पापा. बापाचाही सांग, वाटलं तर.

तुझ्या सासूला यातलं अजून काही सांगितलेलं नाही. ती बाहेर अंगणात बसून अक्षय्य तृतीयेच्या पुरणासाठी हरभऱ्याची डाळ निवडते आहे. मघाशी मला विचारत होती, ज्ञानूला पोळीवर तूप लागतं की दूध. मी म्हटलं, दोन्ही ठेव.

तुझा,
तात्या